तंजावरच्या दफ्तरात

रा. रा. अण्णासाहेब यांसी,

आपले पत्र पावले. तंजावराहून परतल्यावर भेटीस येणे झाले नाही ही तुमची तक्रार रास्त आहे. परंतु पत्राच्या अखेरीस ‘तेथे आपले काय उरले आहे?’ असा जो लहानसा प्रश्न तुम्ही टाकला आहे, त्याचे उत्तर ओसरीवर बसून चहाच्या एका पेल्यात देण्याजोगे नाही, म्हणून ते लिहूनच पाठवावे असे मनाने घेतले. साताऱ्यास तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकविलात, आणि अटकेपासून तंजावरापर्यंत असे म्हणताना भिंतीवरील नकाशावर तुमचा हात वरून खाली कसा फिरत असे, हे तुमच्या विद्यार्थ्यांप्रमाणे मीही मागच्या बाकावर बसून पाहिले आहे. त्या फिरण्यात तंजावर हे नेहमी शेवटचे टोक असे. तेथे बोट थांबे आणि बहुधा तासही संपे. नकाशाच्या त्या टोकावर काही आठवडे बसून कागद चाळण्याचा योग मला या उतारवयात आला, आणि तेथून पाहता ते कशाचेच टोक दिसत नाही, ही पहिली गोष्ट तुम्हांस कळविणे आहे.

कामाचे स्वरूप असे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तेथील भोसले दरबाराचे मोडी दफ्तर आहे. त्याच्या बाडांची संख्या १,३४२ सांगतात. त्यांपैकी काही बाडांची कागदवार यादी करावयाची, म्हणजे प्रत्येक कागदाची मिती, लिहिणारा, ज्यास लिहिले तो आणि आतील मजकुराचा सारांश एवढे नोंदवावयाचे, यासाठी मोडी वाचणारा इसम हवा होता. कोणी तरी माझे नाव सुचविले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, जेथे रुमालांची गणती तीस हजारांच्या पुढे जाते, तेथे उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसास तेराशे बाडे म्हणजे फार मोठी गोष्ट वाटू नये. आणि मला ती वाटलीही नाही, हे कबूल करतो. शिवाय मनात एक सूक्ष्म अभिमान होताच, की दूरदेशी राहिलेल्या आपल्या घरच्या कागदांना वाचणारा अखेर घरूनच चालला आहे.

मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून रात्रीच्या गाडीने निघालो. पहाटे मायिलाडुतुरै मागे पडले, कुंभकोणम आले, आणि खिडकीतून जो मुलूख दिसू लागला त्यात डोळा कोठे टेकावा हेच कळेना. कारण सह्याद्रीच्या माणसास क्षितिजावर डोंगराची एखादी तरी रेघ लागते, आणि येथे चारी दिशांस पाणी भरलेली भातखाचरे, कालवे, केळीचे मळे आणि नारळी यांपलीकडे काही नव्हते. कावेरी येथे एका पात्राने वाहत नाही. तिला अनेक फाटे फुटतात आणि त्यांतून पुन्हा पाट निघतात, येथवर की नदी कोठली आणि पाट कोठला हे परक्यास सांगता येऊ नये. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजे या सपाटीवर येऊन स्थिरावले, तेव्हा डोंगरी किल्ल्यांवर वाढलेल्या त्यांच्या माणसांना हा प्रदेश कसा वाटला असेल, हा विचार त्या गाडीत माझ्या मनात सारखा येत होता. गड नाही, घाट नाही, दरी नाही. रक्षणास काय, तर खंदक. पण वसूल मात्र असा, की जिरायतीच्या देशातून आलेल्या कारकुनाने डोळे विस्फारावेत.

कार्तिकाचा महिना होता. आपल्याकडे दिवाळी झाली की छत्री माळ्यावर जाते. तेथे ईशान्येकडून येणारा पाऊस ऐन त्याच वेळी धरतो. स्थानकावर उतरलो तो झड लागलेली, आणि पुढेही कितीतरी दिवस तिने पाठ सोडली नाही. दफ्तरच्या माणसास पावसाची भीती कशासाठी, हे तुम्हांस सांगावयास नको: दमट हवेत जुना कागद मऊ पडतो, घडीवर हात लावताच पापुद्रा सुटतो, आणि एकमेकांस चिकटलेले बंद सोडविण्यात सकाळ निघून जाते.

ग्रंथालय जुन्या राजवाड्याच्या आवारात आहे. वाडा मूळचा नायक राजांचा. मराठ्यांनी त्यात भर घातली. दरबाराच्या दालनातील रंगीत खांब आणि देवादिकांची चित्रे पाहावयास लोकांची रीघ असते. ग्रंथसंग्रहाचा आरंभही नायकांच्या काळातला, परंतु त्यास आजचे रूप आले ते दुसऱ्या सरफोजीराजांमुळे. त्यांनी काशीयात्रेहून ग्रंथ आणविले, विलायतेहून पुस्तके मागविली, आणि त्या पुस्तकांवर स्वहस्ते इंग्रजीत सह्या केल्या. सुमारे एकोणपन्नास हजार हस्तलिखितांचा हा संग्रह १९१८ साली सर्वांस खुला झाला. त्यात संस्कृताचा वाटा सर्वांत मोठा. मराठी पोथ्या तीन हजारांच्या आसपास. ताडपत्रांच्या खोलीत गवती चहाच्या तेलाचा दर्प भरलेला असतो, कारण कीड लागू नये आणि पान लवचीक राहावे म्हणून ते तेल पानांवर चोळतात. मोडी कागदांच्या खोलीत तो दर्प नाही. तेथे जुन्या कागदाचा आपला परिचित वास आहे, आणि खरे सांगावयाचे तर पहिल्या दिवशी त्या वासानेच मला हायसे वाटले.

पहिले बाड सोडले. वर श्री, मग एका दमात ओढलेली लांब शिरोरेघ आणि तिला लोंबकळणारी अक्षरे. ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही, शब्दांत अंतर नाही, लेखणी उचलावी लागू नये म्हणून एका अक्षराची शेपटी दुसऱ्याच्या गळ्यात. हात पाहताच ओळख पटली. रोजकीर्द, तेरीज, ताळेबंद, वरात, ताकीद, यादी, बाकी, अखेर साल: सारा सरंजाम तोच. कोठी, जामदारखाना, पागा, मुदपाकखाना हे सारे कारखाने आपापल्या जागी. एखादा पुण्याचा फडणीस अचानक तेथे जाऊन बसला असता तर त्यास आपल्या गादीवर बसल्यासारखे वाटले असते. अर्थात पहिल्या पाच ओळी संपेपर्यंतच. कारण पाच ओळींनंतर कागद जे सांगू लागतो ते पुण्याचे नसते. भात मोजले आहे ते खंडीमणांनी नव्हे, कलम आणि मरक्कालांनी. पैका मोजला आहे तो चक्र आणि पणमांनी. गावांची नावे अशी, की मोडीच्या धावत्या वळणात ती नेमकी कोठे तुटतात हे तमिळ कान असल्याशिवाय समजू नये. माझे डोळे प्रत्येक अक्षर वाचत होते आणि बुद्धी दारातच उभी होती.

या ठिकाणी एका गृहस्थाविषयी विस्ताराने लिहिले पाहिजे. माझ्या शेजारच्या मेजावर बसणारे हे तमिळ पंडित. घरी मराठीचा गंध नाही, मोडी प्रौढपणी शिकलेले, आणि मराठी बोलण्याचा प्रसंग आला की संकोचाने हसणारे. परंतु एकदा कागद समोर आला की त्यांचे बोट शिरोरेघेखालून असे सरकत जाई, आणि ओठांतल्या ओठांत मजकूर वाचत असतानाच उजव्या हाताने तमिळात त्याचा गोषवारा वहीत उतरत जाई, की मी आपली लेखणी खाली ठेवून पाहत राही. आमचे बोलणे मोडक्या इंग्रजीत चाले. दोनचार दिवसांतच कामाची वाटणी आपोआप झाली: दिवाणी फारसी शब्द आले, अरबी महिन्यांची नावे आली, सुहूर सनाचा, म्हणजे दफ्तरी अरबी कालगणनेचा, हिशेब आला, की कागद माझ्याकडे सरके, पाटबंधाऱ्याचे, पिकाचे, देवळाच्या मानपानाचे किंवा गावकीचे काही आले, की तो त्यांच्याकडे जाई. एका कागदासाठी दोघे लागत. मनात वाटे, हा कागद लिहिणारा कारकून मात्र एकटाच होता आणि त्यास दोन्ही बाजू ठाऊक होत्या. ते समग्र ज्ञान आज एका डोक्यात मावत नाही.

एकदा मी सहज त्यांना विचारले, की परक्या भाषेतील या कागदांत आयुष्य घालावे असे तुम्हांस का वाटले. त्यांना प्रश्नच कळला नाही असे क्षणभर दिसले. मग ते म्हणाले, की हे कागद आमच्या जिल्ह्याच्या जमिनीचे, आमच्या देवळांचे आणि आमच्या पाटाच्या पाण्याचे आहेत. ते ज्या लिपीत असतील ती शिकावी लागणारच. यात त्यांना काही विशेष बोलल्यासारखे वाटले नाही, आणि ते पुन्हा कागदाकडे वळले. मी मात्र त्या दिवशी संध्याकाळी मुक्कामी गेल्यावर बराच वेळ याचाच विचार करीत होतो. ज्यास मी आपल्या घरच्या कागदांचे परदेशी वास्तव्य समजत होतो, ते मुळी परदेशी नव्हतेच. ते जन्मापासून तेथलेच होते, आणि त्यांचे वारसदार म्हणून ज्यांनी हक्क सांगावा ते माझ्या शेजारच्या मेजावर बसून आपले काम करीत होते.

आता या दफ्तराचा मोठा भाग ज्या काळचा आहे त्याविषयी दोन शब्द. १७९८ साली सरफोजीराजे गादीवर आले आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १७९९च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडका प्रदेश राहिला. वर्षास एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढी नेमणूक ठरली. आपल्या इतिहासग्रंथांत अशा राजांचे एक ठराविक वर्णन असते: तैनातीवर जगणारा, नाचगाण्यात आणि शिकारीत काळ घालविणारा. सरफोजींना ते लागू पडत नाही. बालपणी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते, आणि ज्याच्या हातून राज्य गेले आहे अशा बुद्धिमान मनुष्याने आपली सारी कर्तबगारी कोठे वळवावी याचे उत्तर त्यांच्या दफ्तरात पानोपानी सापडते. धन्वंतरी महाल नावाची वैद्यशाळा चालविली. तेथील नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह आजही पाहावयास मिळतात. देवनागरी छापखाना घातला, आणि १८०६ साली इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून काढले. त्या वेळी पुण्यास पेशवाईची अजून बारा वर्षे शिल्लक होती. तुमच्या शाळेच्या पुस्तकात मराठी मुद्रणाचा इतिहास श्रीरामपूर आणि मुंबई येथे आरंभून तेथेच संपतो, हे लक्षात असू द्यावे.

परंतु माझ्या मते या राजाची खरी कामगिरी अन्नछत्रांत आहे. काशीहून रामेश्वरास जाणारा मार्ग या मुलखातून जातो, आणि त्या वाटेवर भोसल्यांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली. तेथे त्यांना छत्रम म्हणतात. राज्य गेले तरी ही छत्रे आपल्याकडे राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटास जे पत्र धाडले, त्यात छत्रांतील व्यवस्थेचे वर्णन आहे. जातपात न पाहता येईल त्या वाटसरूस शिजवलेले अन्न, जो शिजवलेले घेत नाही त्यास कोरडा शिधा. आजाऱ्यास वैद्य आणि पथ्य, गरोदर स्त्रीस बाळंतपणापर्यंत व त्यानंतरही आसरा, पोरक्या मुलांचे संगोपन, वाटेत मेलेल्याचे उत्तरकार्य. आणि मध्यरात्री घंटा, म्हणजे कोणी उपाशी झोपला असेल तर त्याने उठून जेवावयास यावे. ही घंटा मला फार आवडली. धर्मादाय करणारे पुष्कळ असतात. उपाशी झोपलेल्यास उठविण्यासाठी पगारी माणूस नेमणारा विरळा.

एका सुटीच्या दिवशी पाऊस थोडा उघडला तेव्हा बसने ओरत्तनाडूस गेलो. तेथे राजांनी मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या नावाने १८०२ साली बांधलेले छत्र आहे. दर्शनी भाग रथासारखा, त्यास दगडी हत्ती-घोडे जुंपलेले. आत मोठाले चौक आणि कोरीव लाकडी खांब. वास्तू थकलेली आहे. मी खांबांची नक्षी पाहण्यापेक्षा कोठी कोठे असेल, भात कोठे उतरत असेल, मुदपाकाचा धूर कोठून जात असेल, याचाच शोध अधिक घेत होतो. कारण आठवडाभर अशाच एका छत्राचा तांदूळ, तूप, ताक, मिरी आणि सरपण मी ओळीओळीने वाचीत होतो आणि इमारत पाहण्यापूर्वीच तिच्या पोटातील व्यवहार मला पाठ झाला होता.

बृहदीश्वराच्या देवळात जाणे मात्र मुद्दाम पुढे ढकलले होते. त्याचे वर्णन करण्यात मी शब्द दवडीत नाही. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले ते विमान दोनशे फुटांहून उंच आहे आणि छायाचित्रांत ते मावत नाही, एवढे पुरे. तुम्हांस ज्यात रस आहे तो आपला शिलालेख प्राकाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर आहे: देवनागरी लिपीत, मराठी भाषेत, भोसले कुळाचा समग्र वृत्तांत, शके १७२५ म्हणजे १८०३च्या डिसेंबरात कोरून पुरा केलेला. तो एवढा मोठा आहे, की वाचणाऱ्यास भिंतीच्या कडेने चालत वाचावे लागते. मला जितका वाचता आला तितका वाचला. मागून यात्रेकरूंचे थवे जात होते. एका मुलाने थांबून माझ्याकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने पाहिले आणि तो आईमागे पळाला.

तुम्ही तेथे असता तर तुमचा ऊर भरून आला असता, आणि माझाही थोडा आला. तरी तारखेचा विचार करा. १७९९ साली कारभार गेला, १८०३ साली वंशाचा इतिहास दगडावर चढला. जो राजा आता सनदा देऊ शकत नाही तो आपली वंशावळ भिंतीवर कोरवितो, हे मला त्या लेखाच्या शब्दांपेक्षा अधिक बोलके वाटले. आणि त्याच देवळाच्या जोत्यावर त्या लेखाच्या सुमारे आठशे वर्षे आधीचे राजराजाचे तमिळ लेख आहेत. ते मला वाचता येत नाहीत. पण माझे पंडित बरोबर होते आणि त्यांनी बोट ठेवून सांगितले. तेथे काय कोरले आहे? देवास किती सोने दिले, दिव्यांना तूप कोणी पुरवावे, आणि सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्या कोणत्या देवळातून आल्या व कोणत्या रस्त्यावरील कोणत्या घरी राहतात, येथपर्यंतचा तपशील. म्हणजे जो राजा सामर्थ्याच्या शिखरावर होता त्याने दगडावर जमाखर्च मांडला, आणि ज्याचे सामर्थ्य गेले होते त्याने दगडावर कीर्ती मांडून जमाखर्च कागदावर ठेवला. मी दफ्तरचा माणूस असल्यामुळे माझा पक्षपात उघड आहे: सरफोजींचे मोठेपण पाहावयाचे असेल तर भिंतीकडे न जाता बाडे सोडावीत.

तेथील मराठी घरांविषयीही तुम्ही विचारले आहे. एका घरी जेवावयास गेलो होतो. त्यांची मराठी तमिळ हेलात उतरलेली, क्रियापदांची काही रूपे आपल्या आजीच्या तोंडची. मुले शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकतात, मराठी स्वयंपाकघरापुरती. पानात पुरणपोळीबरोबर कटाचे सार होते, डांगराची पचडी होती, आणि भातावर जे सांबार आले ते कोणी कोणास शिकविले या वादात मी शिरलो नाही, कारण यजमानांनाही त्यात काडीचा रस नव्हता. मला त्या घरात कीव करण्यासारखे काही आढळले नाही. आपण त्यांना विस्मृत झालेले भाऊबंद समजतो. ते स्वतःस तंजावरचे लोक समजतात, आणि तसे समजण्यास त्यांच्याजवळ साडेतीनशे वर्षांचा भोगवटा आहे. त्याच घरातील वृद्ध गृहस्थांनी सांगितले, की तेथील तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी आणि ओवी गातात. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांपासून तंजावर कृष्ण भागवतरांनी ती रीत उचलली आणि तमिळात रुजविली. गाणाऱ्यास ती आपलीच वाटते, ऐकणाऱ्यासही. तंजावरच्या शहाजीराजांच्या ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ नाटकाची गोष्ट उलट: सांगलीस १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर उभे केले त्याच्या दीडशे वर्षे आधी ते तेथे रचले गेले, आणि आपण ते आपल्या नाट्येतिहासाच्या पहिल्या पानावर मानाने बसविले, पण आपल्या रंगभूमीवर ते रुजले नाही.

तेव्हा अण्णासाहेब, तुमच्या प्रश्नातील ‘उरले’ यास माझी हरकत आहे. उरते ते मोडलेल्या संसारातले. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर १९८९ साली तीन खंडांत प्रसिद्ध केले. ते त्यांनी आमच्यावरील उपकार म्हणून केले नाही, त्यांना आपल्या जिल्ह्याचा इतिहास लिहावयाचा होता म्हणून केले. आपल्याकडे मात्र तंजावरचे नाव निघाले की भाषणे होतात आणि मोडी शिकणारे बोटांवर मोजण्याइतके निघतात. हे मी रागाने लिहीत नाही; नुसती बाकी काढून दाखवितो.

आता कामाचे. संक्रांतीनंतर पाऊस पुरता ओसरला, की राहिलेल्या यादीसाठी मला पुन्हा बोलावणे आहे. छत्रांच्या हिशेबांची काही बाडे अद्याप सुटावयाची आहेत, आणि त्यांत अरबी महिने व सुहूर सन इतके दाट आहेत की एकट्याने जंत्री चाळण्यातच दिवस जाईल. तुमचे डोळे माझ्याहून बरे आहेत, मोडी तुम्ही विसरला नसाल, आणि नातवंडांच्या शाळेमुळे घर सोडता येत नाही ही सबब आता चालणार नाही, कारण सूनबाईंस मी आधीच विचारले आहे. मुक्कामाची जागा राजवाड्यापासून पायी चालण्याच्या अंतरावर आहे. कॉफी उत्तम मिळते, चहा मिळत नाही असे समजावे. मोडक-जंत्री तुमच्याकडची बरोबर घ्यावी, माझ्या प्रतीची पाने सुटली आहेत. आरक्षणास उशीर होऊ नये यास्तव होकार किंवा नकार उलटटपाली कळवावा.